पोटात पाय, तोंडात बाण

(पाठपरिचय : गोगलगाय हा आपल्या ओळखीचा प्राणी आहे. तिच्या समुद्रात राहणाऱ्या काही जाती मात्र मांसाहारी आहेत. त्या शिकार कशी करतात, त्यांच्यापासून माणसाला धोका कोणता आणि फायदा कोणता, याची माहिती या पाठात दिली आहे.)

पावसाळा सुरू झाला, की जळगाव-धुळ्याकडे शेताच्या बांधावर, केळीच्या बागेत आणि ओल्या भिंतींवर गोगलगायी दिसू लागतात. उर्दूत आपण तिला घोंघा म्हणतो. पाठीवर घर घेऊन ती हळूहळू सरकते. जरा हात लावला, की अंग आत ओढून घेते. कोवळी पाने आणि कुजलेला पाला हे तिचे अन्न. त्यामुळे गोगलगाय म्हणजे भित्रा आणि गरीब प्राणी, अशी आपली समजूत होते.

मराठीत एक म्हण आहे : गोगलगाय आणि पोटात पाय. वरून साधाभोळा दिसणारा पण आतून वेगळाच असणारा माणूस भेटला, की ही म्हण वापरतात. गंमत अशी, की शास्त्रज्ञांनीही या प्राण्यांना जवळजवळ हेच नाव दिले आहे. गोगलगायी ज्या गटात येतात, त्या गटाला 'उदरपाद' म्हणतात. उदर म्हणजे पोट आणि पाद म्हणजे पाय. गोगलगाय शरीराच्या ज्या रुंद, मांसल भागावर सरकते, तो तिचा पाय पोटाखालीच असतो.

ही म्हण शेतातल्या गोगलगायीपेक्षा समुद्रातल्या गोगलगायीला जास्त शोभते. आपल्या खानदेशात समुद्र नाही. पण धुळ्याची पांझरा आणि जळगावकडची गिरणा या नद्या तापीला मिळतात आणि तापी सुरतेजवळ अरबी समुद्राला मिळते. त्या समुद्राच्या काठी, डहाणूपासून वेंगुर्ल्यापर्यंत, वाळूत आणि खडकांत अशा गोगलगायी राहतात, की ज्या पानांना तोंडही लावत नाहीत. त्या शिकार करून मांस खातात.

इतका मंद प्राणी शिकार कशी करत असेल? याचे उत्तर तिच्या तोंडात आहे. गोगलगायीला आपल्यासारखे दात नसतात. तिची जीभ फितीसारखी असते आणि त्या फितीवर बारीक दातांच्या रांगा असतात. लोहार कानशीने लोखंड घासतो, तशी ती या जिभेने अन्न घासून खाते. पुढचे दात झिजले, की ते गळून पडतात आणि मागचे नवे दात पुढे येतात. शेतातली गोगलगाय या जिभेने पाने खरवडते. समुद्रातल्या काही गोगलगायी याच जिभेने शिंपल्याच्या कठीण कवचाला भोक पाडतात.

वाळूच्या किनाऱ्यावर राहणारी चंद्रगोगलगाय हे काम फार सफाईने करते. तिचा शंख गोल आणि गुळगुळीत असतो. म्हणून तिला हे नाव मिळाले. ती ओल्या वाळूखालून सरकत जाते आणि तिसऱ्या, खुबे यांसारखे शिंपल्यातले प्राणी शोधते. शिकार सापडली, की आपल्या मोठ्या पायाने तिला चारी बाजूंनी लपेटून घेते. शिंपला घट्ट मिटून बसतो. चंद्रगोगलगायीला घाई नसते. तिच्या अंगातील एका अवयवातून आम्लयुक्त द्रव पाझरतो. त्याने कवच थोडे मऊ होते. मग ती जिभेने तेवढा भाग खरवडते, पुन्हा द्रव सोडते, पुन्हा खरवडते. सुतार गिरमिटाने लाकडाला भोक पाडतो, तसे हे काम चालते. सुताराला त्यासाठी मिनिटे लागतात, तर गोगलगायीला कित्येक तास लागतात. कधी दिवसही लागतो. भोक आरपार झाले, की ती त्यातून सोंड आत घालते आणि आतले मांस खाते. भुकेपुढे तिला आपले-परके कळत नाही. दुसऱ्या चंद्रगोगलगायीलाही ती सोडत नाही.

या शिकारी प्राण्याची अंडी मात्र पाहण्यासारखी असतात. मादी आपली अंडी वाळू आणि चिकट द्रव यांच्या पट्टीत बसवते. ही पट्टी शर्टाच्या कॉलरसारखी गोल वळलेली असते. किनाऱ्यावर अशी वाळूची कॉलर पडलेली दिसली, तर तिच्यात असंख्य अंडी आहेत, हे लक्षात ठेवावे आणि तिला धक्का लावू नये.

वाळूप्रमाणे खडकांवरही शिकारी असतात. मुंबईला गेलेल्या अनेकांनी हाजी अलीचा दर्गा पाहिला असेल. भरतीच्या वेळी दर्ग्याकडे जाणारी वाट पाण्याखाली जाते आणि ओहोटी लागली, की पुन्हा मोकळी होते. त्या वेळी बाजूचे काळे, ओले खडक उघडे पडतात. मुंबईच्या अशा खडकाळ किनाऱ्यावर कालवे दगडाला घट्ट चिकटून वाढतात. त्यांच्या आसपास करड्या रंगाच्या, अंगावर गाठी असलेल्या लहान गोगलगायी दिसतात. त्या कालवांवर ताव मारायला आलेल्या असतात. त्याही कवचाला भोक पाडतात.

किनाऱ्यावरचा रिकामा शिंपला हातात घेऊन नीट पाहिला, तर त्या प्राण्याच्या मृत्यूची हकिकत वाचता येते. भोक वरून रुंद आणि खाली अरुंद, वाटीसारखे असेल, तर ते चंद्रगोगलगायीचे काम समजावे. भोक सरळ, नळीसारखे असेल, तर खडकावरच्या गोगलगायीचे. कधीकधी भोक अर्धवट राहिलेले असते. म्हणजे काहीतरी अडथळा आला आणि त्या दिवशी शिंपल्यातला जीव वाचला! पोलीस जसे खुणांवरून चोर ओळखतात, तसेच शास्त्रज्ञ या भोकांवरून शिकारी ओळखतात. लाखो वर्षांपूर्वीच्या, दगड झालेल्या शिंपल्यांवरही अशी भोके सापडतात.

खडकावरच्या या शिकाऱ्यांच्या भाईबंदांनी इतिहासातही नाव मिळवले आहे. आजच्या लेबनॉन देशातील सूर हे जुने बंदर जांभळ्या रंगासाठी प्रसिद्ध होते. हा रंग भूमध्य समुद्रातील मांसाहारी गोगलगायींपासून काढत. १९०९ साली पॉल फ्रीडलेंडर या रसायनशास्त्रज्ञाने या रंगाची तपासणी केली. तेव्हा बारा हजार गोगलगायींपासून त्यांना जेमतेम १.४ ग्रॅम रंग मिळाला. असे जांभळे वस्त्र बादशहांनाच का परवडत असे, हे यावरून कळते.

आपल्या देशात पूजेच्या वेळी फुंकला जाणारा शंखही अशाच एका मांसाहारी गोगलगायीचे घर असतो. ही गोगलगाय तमिळनाडूजवळच्या मन्नारच्या आखातात विपुल सापडते. वाळूत राहणारे किडे हे तिचे खाद्य आहे. या शंखाच्या बांगड्याही करतात. गुजरातेतील नागेश्वर येथे सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वी अशा बांगड्या बनत होत्या, हे तेथील उत्खननावरून समजले आहे.

आता या घराण्यातील सर्वांत धोकादायक शिकाऱ्याकडे वळू. त्याचे नाव कोनस. त्याचा शंख शंकूच्या आकाराचा, म्हणजे आइस्क्रीमच्या कोनासारखा असतो. त्यावर ठिपके, पट्टे आणि जाळीची सुंदर नक्षी असते. जगात कोनसच्या सातशेहून अधिक जाती आहेत. काही जाती समुद्रातले किडे खातात, काही दुसऱ्या गोगलगायी खातात आणि थोड्या जाती चक्क मासे पकडतात.

मासा क्षणात पळून जातो. कोनस तर सरकतो गोगलगायीच्या चालीने. मग मासा त्याच्या हाती लागतो कसा? कोनसच्या जिभेवरील दात लांब, पोकळ आणि टोकाला आकडा असलेले असतात. तो असा एक दात सोंडेच्या टोकाशी आणतो आणि त्यात विष भरतो. दात म्हणजे जणू विषारी बाण. मासा जवळ आला, की डोळ्याचे पाते लवते न लवते तोच बाण सुटतो. माशाचे अंग ताठरते आणि कोनस त्याला सावकाश गिळून टाकतो. प्रत्येक दात एकदाच वापरला जातो. पुढच्या शिकारीसाठी नवा दात तयार असतो. एका जातीची रीत तर आणखी वेगळी आहे. ती पाण्यात इन्सुलिन सोडते. त्यामुळे जवळच्या माशांच्या रक्तातील साखर एकदम घटते आणि ते सुस्त होतात. मग ती आपले तोंड जाळ्यासारखे पसरून त्यांना आत घेते. ही गोष्ट २०१५ साली शास्त्रज्ञांच्या लक्षात आली.

हीच जात माणसालाही मारू शकते. ती लक्षद्वीप आणि अंदमान येथील प्रवाळांच्या समुद्रात आढळते. सुंदर शंख दिसला, म्हणून कोणी तो उचलतो आणि आतला जिवंत प्राणी हाताला दंश करतो. सुरुवातीला दुखते थोडेसेच. नंतर अंग बधिर होते आणि श्वास घेणाऱ्या स्नायूंची शक्ती जाते. रम्फियस नावाचे निसर्गशास्त्रज्ञ आजच्या इंडोनेशियातील अंबोन बेटावर राहत होते. पुढे त्यांची दृष्टी गेली, तरी इतरांच्या मदतीने त्यांनी आपले लेखन चालू ठेवले. १७०५ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथात बांदा बेटावरील एका गुलाम स्त्रीची हकिकत आहे. मासेमारीचे जाळे ओढताना तिने एक छोटा शंख उचलून हातात धरला. हाताला थोडी खाज सुटल्यासारखे वाटले आणि थोड्याच वेळात ती मरण पावली.

या विषावर उतारा म्हणून देता येईल असे औषध अजून नाही. दंश झालेल्या माणसाला शांत ठेवून ताबडतोब दवाखान्यात नेणे, हाच उपाय आहे. श्वास थांबत असेल, तर विषाचा जोर ओसरेपर्यंत डॉक्टर कृत्रिम श्वासोच्छ्वास देतात. त्यामुळे रोगी वाचू शकतो.

पण विषाची गोष्ट येथे संपत नाही. बाल्डोमेरो ऑलिव्हेरा हे फिलिपाइन्समधील शास्त्रज्ञ. लहानपणी त्यांना शंख जमवण्याचा छंद होता. अमेरिकेत शिक्षण घेऊन ते मायदेशी परतले, तेव्हा त्यांच्या प्रयोगशाळेत महागडी उपकरणे नव्हती. मोठी उपकरणे न लागणारा कोणता विषय घ्यावा, याचा विचार करताना त्यांना आपल्या किनाऱ्यावरचा कोनस आठवला. पुढे अमेरिकेतील युटा विद्यापीठात त्यांचे काम चालू राहिले. तेथे मायकेल मॅकिंटॉश नावाचा, नुकताच शाळा संपवलेला अठरा वर्षांचा विद्यार्थी त्यांच्या हाताखाली काम करू लागला. त्याने कोनसच्या एका जातीच्या विषातून एक घटक वेगळा केला. हा घटक वेदनेचा संदेश मेंदूकडे जाण्यापासून रोखतो, असे पुढे दिसून आले. त्यावरून झिकोनोटाइड हे औषध तयार झाले. अमेरिकेत त्याला २००४ साली मान्यता मिळाली. असह्य वेदना होणाऱ्या आणि इतर औषधांचा गुण न येणाऱ्या रुग्णांना ते दिले जाते. ते अफूपासून केलेल्या औषधांच्या जातीचे नाही आणि त्याचे व्यसन लागत नाही. मात्र त्याचे दुष्परिणामही आहेत. म्हणून ते लहानशा पंपाने पाठीच्या कण्यातील द्रवात, अगदी अल्प प्रमाणात सोडावे लागते.

भारतातही हे संशोधन झाले आहे. बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था आणि मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था येथील शास्त्रज्ञांनी आपल्या किनाऱ्यावरील कोनसच्या विषाचा अभ्यास केला. एकेका जातीच्या विषात शंभराहून अधिक निरनिराळे घटक असू शकतात. त्यांपैकी फारच थोड्यांची तपासणी आजवर झाली आहे. एखादी जात नाहीशी झाली, तर तिच्या विषात दडलेले औषधही तिच्याबरोबर जाईल.

या शिकाऱ्यांवर समुद्राचा तोलही अवलंबून असतो. ट्रायटन नावाची मोठी मांसाहारी गोगलगाय काटेरी तारामासे खाते. हे तारामासे प्रवाळ खातात. त्यांची संख्या बेसुमार वाढली, तर प्रवाळांचे मोठे पट्टे उजाड होतात. शोभेच्या शंखासाठी ट्रायटनला पकडत राहिलो, तर तारामाशांचा एक शत्रू आपणच कमी करतो. म्हणून भारत सरकारने २००१ साली ट्रायटन आणि इतर काही शंख-शिंपल्यांना वन्यजीव संरक्षण कायद्याखाली घेतले. असे शंख पकडणे किंवा विकणे हा गुन्हा आहे.

मुलांनो, शाळेच्या सहलीत किंवा नातेवाइकांकडे जाताना तुम्ही कधीतरी समुद्रकिनाऱ्यावर जाल. तेथे शंख जरूर पाहा, पण जिवंत शंखाला हात लावू नका. कोनसची सोंड त्याच्या शंखावरून मागेही वळू शकते, म्हणून रुंद बाजूने धरला तरी धोका टळत नाही. रिकामा वाटणारा शंखही लगेच खिशात टाकू नका. आत कोणी बसलेले असू शकते. त्यात कधी गोगलगाय असते, तर कधी तिच्या घरात राहायला आलेला खेकडा असतो. रिकामा शिंपला मात्र काठीने उलटा करून बघा आणि त्यावर भोक आहे का, ते शोधा. भोक सापडले, तर सोबतच्या मित्रांना विचारा : हे कोणी पाडले असेल? ज्याने हा पाठ नीट वाचला आहे, तो उत्तर देईल.

शब्दार्थ

गोगलगाय – घोंघा. शिंपला – सीप. विष – जहर. भरती – समुद्राचे पाणी चढणे. ओहोटी – समुद्राचे पाणी उतरणे. तिसऱ्या, खुबे, कालवे – कवचात राहणारे समुद्री प्राणी. कानस – लोखंड घासण्याचे हत्यार. गिरमिट – लाकडाला भोक पाडण्याचे हत्यार. आम्ल – तेजाब. विपुल – पुष्कळ. उत्खनन – जुन्या वस्तू शोधण्यासाठी केलेले खोदकाम. शंकू – खाली रुंद व वर टोकदार असा आकार. प्रवाळ – मूंगा, पोवळे. बधिर – सुन्न. उतारा – विषाचा परिणाम घालवणारे औषध. बेसुमार – मर्यादेपेक्षा जास्त.

वाक्प्रचार

ताव मारणे – भरपूर खाणे. तोंड न लावणे – मुळीच न खाणे. हाती लागणे – सापडणे. डोळ्याचे पाते लवते न लवते तोच – अगदी क्षणात.

स्वाध्याय

प्र. १. प्रत्येकी एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) 'उदरपाद' या शब्दाचा अर्थ काय?
(आ) चंद्रगोगलगाय काय खाते?
(इ) कोनसचा दात किती वेळा वापरला जातो?
(ई) सूर हे बंदर कशासाठी प्रसिद्ध होते?

प्र. २. दोन-तीन वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) चंद्रगोगलगाय शिंपल्याला भोक कसे पाडते?
(आ) कोनसचा दंश झाल्यास काय करावे?
(इ) ऑलिव्हेरा यांनी अभ्यासासाठी कोनस का निवडला?

प्र. ३. कारणे लिहा.
(अ) वाळूच्या कॉलरला धक्का लावू नये.
(आ) ट्रायटनचे रक्षण करणे आवश्यक आहे.

प्र. ४. जोड्या लावा.
'अ' गट : (१) वाटीसारखे भोक (२) सरळ भोक (३) अर्धवट भोक
'ब' गट : (क) शिकार वाचली (ख) चंद्रगोगलगाय (ग) खडकावरची गोगलगाय

प्र. ५. 'गोगलगाय आणि पोटात पाय' या म्हणीचा अर्थ लिहा. अशाच अर्थाची उर्दू म्हण शोधून तिचा अर्थ मराठीत सांगा.

प्र. ६. वचन बदला.
शिंपला, गोगलगाय, दात, नदी, बांगडी.

प्र. ७. कंसातील सूचनेप्रमाणे बदल करा.
(अ) गोगलगायीला घाई नसते. (प्रश्नार्थक करा)
(आ) जिवंत शंखाला हात लावू नका. (होकारार्थी करा)

उपक्रम : जवळच्या नदीकाठचे किंवा तळ्याकाठचे रिकामे शिंपले जमवून त्यांचे निरीक्षण करा. भोक पाडणाऱ्या गोगलगायी समुद्राच्या पाण्यात राहतात. मग तुमच्या शिंपल्यांवर तशी भोके सापडतील का, याची वर्गात चर्चा करा.